हिस्लॉपसाहेबांचे शिंपले

मैत्रिणींनो, भाचीला नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले. त्याच संध्याकाळी तिनं मला विचारलं की, आत्या, हा हिस्लॉप म्हणजे कोण? मी बी.ए. झालेली, चार माणसांत बोलणारी, बचत गटांच्या बैठका घेणारी. पण उत्तर काही येईना. इंग्रजांच्या काळातला कुणी कलेक्टर असेल, असं मी ठोकून दिलं. नागपूरला गेलं की शंभर वेळा ते नाव कानावर पडतं. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण ते घेतो. पण माणूस कोण होता, हे कधी विचारलंच नाही. रात्री झोपताना मनाला टोचत राहिलं. मग वाचनालयातून पुस्तकं आणली, जाणकारांना विचारलं आणि जे कळलं ते वाचून मी थक्क झाले. कारण या माणसाचं आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीशी फार जवळचं नातं निघालं.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या लहानशा गावातला. वडील गवंडी. दगड घडवणाऱ्या बापाच्या या मुलाला पुढे दगडांनीच वेड लावलं. लहानपणी किडे, फुलपाखरं, झाडपाला गोळा करायचा नाद होता. आपल्याकडे अशा मुलाला आई म्हणेल, काय हा कचरा घरात आणतोस! त्यांच्या घरी काय म्हणत असतील कोण जाणे, पण तो नाद सुटला नाही. एडिंबरा आणि ग्लासगोला शिक्षण झालं, धर्मशास्त्राचा अभ्यास झाला आणि १८४४ साली फ्री चर्चचे मिशनरी म्हणून त्यांची नेमणूक नागपूरला झाली. त्याच वर्षी लग्न झालं. बायकोचं नाव इरॅस्मा.

त्या नव्या नवरीचा विचार माझ्या मनातून जात नाही. लग्न होतं न होतं तोच बोटीचा प्रवास. डिसेंबर १८४४ मध्ये मुंबई, आणि नागपूर गाठायला फेब्रुवारी १८४५ उजाडला. मुंबईहून नागपूरला रेल्वे आली ती १८६७ साली. म्हणजे सगळा रस्ता रेल्वेशिवाय काटायचा. पुढे मे महिन्यातलं नागपूरचं ऊन! आपण इथे जन्मलेल्या बायका, तरी एप्रिल लागला की जीव नकोसा होतो. बर्फाळ मुलखातून आलेल्या त्या बाईनं पहिला उन्हाळा कसा काढला असेल?

तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. हिस्लॉपसाहेबांनी आधी मराठी शिकून घेतली. १८४६ साली शाळा सुरू केली. आता एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. ते धर्मप्रसार करायला आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. धर्मांतराच्या प्रकरणांवरून गावात संताप झाला, लोकांनी मुलं शाळेतून काढून घेतली, असंही झालं. तो राग समजण्यासारखा आहे. ज्या घरातला मुलगा दूर गेला असेल त्या आईचं दुःख काही लहान नव्हतं. म्हणून मला त्यांची आरतीही ओवाळायची नाही आणि त्यांच्या कामावर बोळाही फिरवायचा नाही. त्यांची शाळा टिकली, वाढली. त्यांच्या पश्चात १८८३ मध्ये तिचं कॉलेज झालं आणि त्याला त्यांचं नाव मिळालं. इतकं साधारण कुठंही वाचायला मिळतं. मला सांगायची आहे ती दुसरी गोष्ट, त्यांच्या दगडांची.

शाळेतून आणि प्रचारातून वेळ मिळाला की हिस्लॉपसाहेब आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर पायी किंवा घोड्यावर बाहेर पडायचे. हातात हातोडी. सीताबर्डीची टेकडी, टाकळी, सिल्लेवाडा, कामठी, जिथं दगड उघडा दिसेल तिथं थांबायचं. काळ्या दगडाच्या थरांमध्ये त्यांना एक फिकट, मातकट थर दिसला. तो फोडून पाहिला तर आत गोगलगायींचे शंख, शिंपले, झाडांची फळं, बिया, आणि भुंग्यांच्या पाठीवरची कवचंसुद्धा. सगळं दगड झालेलं. टाकळीजवळ सापडलेल्या एका हिरवट खनिजाला पुढे हिस्लॉपाइट असं नावच पडलं.

हे कसं घडलं ते सोप्या भाषेत सांगते. आपल्या विदर्भात जो काळा दगड दिसतो, घरांच्या पायात आणि जुन्या विहिरींच्या बांधकामात, तो बहुतेक थंड झालेला लाव्हा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा लाव्हा पुन्हा पुन्हा पसरला. एक थर येऊन गेला की मधे बराच काळ शांतता. त्या काळात खोलगट भागात पाणी साचायचं, तळी व्हायची, गवत उगवायचं, जीव नांदायचे. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. आपण अनारसे ठेवताना थरांमध्ये कागद घालतो ना, तसा दोन काळ्या थरांमध्ये दबलेला हा तळ्याचा गाळ. त्यातच हे शंख-शिंपले राहिले.

आता खरी गंमत. या गाळात मोठ्या शंखांबरोबर अगदी बारीक, राजगिऱ्याच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान शिंपलेही होते. ऑस्ट्राकोड म्हणतात त्यांना. कोळंबीच्या लांबच्या नात्यातला हा जीव, दोन झाकणांच्या डबीत राहणारा. एखाद्यानं फुंकर मारून उडवून दिले असते. हिस्लॉपसाहेबांनी ते जपून लंडनला पाठवले. तिथं रूपर्ट जोन्स नावाच्या तज्ज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची तपासणी करून १८६० मध्ये त्यांचं वर्णन छापलं. त्याच वर्षी हिस्लॉप यांचा मोठा लेखही आला. त्यात त्यांनी नागपूरकडचे शिंपले आणि आंध्रातल्या राजमहेंद्रीचे शिंपले शेजारी ठेवून पाहिले. नागपूरचे गोड्या पाण्यातले, आणि राजमहेंद्रीचे खाडीच्या, खाऱ्या-गोड्या पाण्यातले. म्हणजे इथं तळी होती आणि तिथं समुद्र जवळ होता, हे बोटाच्या टोकावर मावणाऱ्या कवचांवरून ओळखता आलं. मैत्रिणींनो, आपण सुपात तांदूळ पाखडताना एका नजरेत खडा ओळखतो. तशीच नजर ही.

त्याच काळात मुंबईत हेन्री कार्टर नावाचे कंपनी सरकारचे एक डॉक्टर होते. त्यांनाही असाच बारीक जिवांचा नाद. समुद्रात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. शरीर म्हणजे एकच पेशी, पण बहुतेकांचं घर मात्र चुनखडीचं, कप्प्याकप्प्यांचं, रांगोळीसारखं नक्षीदार. कार्टर त्यांच्या जुन्या कवचांचा अभ्यास करत. नागपूरच्या तळ्यात सापडणाऱ्या एका चिमुकल्या जिवाला त्यांनी १८५८ मध्ये हिस्लॉपिया असं नाव दिलं. आपल्या मित्राच्या नावानं मुलांची नावं ठेवतात तसं हे.

आता तुम्ही म्हणाल, या शिंपल्यांचं आम्हाला काय? आमच्या घरचा गॅस महागला, पाऊस वेळेवर पडत नाही, त्याचं बोला. तर त्याचंच बोलते आहे. समुद्रातले फोरॅमिनिफेरा मेले की त्यांची कवचं तळाशी बसतात. लाखो वर्षं बसत राहतात. आज जहाजावरून समुद्रतळात लांब नळी खुपसून हा गाळ थरासकट वर काढतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. प्रत्येक थरातली कवचं वेगळी करायची, मोजायची, तपासायची.

तपासायचं काय? पाण्यातल्या ऑक्सिजनचे हलका आणि जड असे प्रकार असतात. समुद्राचं पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा हलका ऑक्सिजन असलेलं पाणी जास्त सहज उडतं. एरवी ते पावसावाटे नदीतून परत समुद्रात येतं. पण हिमयुगात ते बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडतं आणि समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. शिवाय पाणी गार असलं की कवचातही जड ऑक्सिजन जास्त जातो. म्हणून कवचातलं हे प्रमाण मोजलं की त्या वेळी समुद्र किती उबदार होता आणि जमिनीवर बर्फ किती होतं याचा अंदाज लागतो. कवचातल्या बोरॉनवरून हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता याचाही माग काढता येतो. इतकंच नाही. अरबी समुद्रात ओमानच्या बाजूला पावसाळी वारे जोरात वाहिले की खालचं थंड पाणी वर येतं आणि एका विशिष्ट जातीचे फोरॅमिनिफेरा भरपूर वाढतात. गाळात त्यांची कवचं जास्त, म्हणजे त्या काळी मान्सूनचे वारे जोरदार. आपला पाऊस हजारो वर्षांपूर्वी कसा होता, हे ज्योतिषाला नव्हे, या कवचांना विचारतात! १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतही असा अभ्यास होतो.

पुन्हा हिस्लॉपसाहेबांकडे येऊ. कारण आपल्या जिल्ह्यांची गोष्ट राहिलीच. नागपूरच्या दक्षिणेला मांगली गावी त्यांना एका प्राचीन जलचराची कवटी मिळाली, बेडकाच्या दूरच्या नात्यातली. लंडनच्या प्रसिद्ध रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे. तिथल्या दगडांतले मासे आणि बारीक कवचधारी जीव त्यांच्या अभ्यासात होते. पुढे १९६०-६१ मध्ये सिरोंचाकडेच पोचमपल्ली गावाजवळ कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अवाढव्य डायनासोरची हाडं खणून काढली. त्याचं नाव बारापासॉरस टागोराय. बारापा म्हणजे मोठा पाय, आणि ते रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष म्हणून टागोर. आज वडधमला वन विभागाचं जीवाश्म उद्यान आहे.

आणि कोळसा! चंद्रपूरची बाई कोळशाचं नाव घेतल्याशिवाय कशी राहील? वाळूच्या दगडांत सापडणाऱ्या पानांच्या ठशांवरून हा कोळसा किती जुना, हा प्रश्न हिस्लॉप यांनी धरून ठेवला होता. अशीच पानं ऑस्ट्रेलियातल्या कोळशाच्या थरांतही आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी कोळशाचं वय आजच्या माहितीपेक्षा बरंच कमी धरलं. तळ्याच्या गाळाचं वयही थोडं चुकलं. त्यांच्यापाशी आजची यंत्रं नव्हती. पण नमुने नीट जपले, कुठल्या थरातला कुठला ते लिहून ठेवलं, म्हणून पुढच्यांना चूक दुरुस्त करता आली. आज आपल्याला माहीत आहे की हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा आहे. हिस्लॉपनंतर काही वर्षांनी, १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण चालू झाली. तेव्हापासून आपण तो जाळतो आहोत. चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर जातो तेव्हा आपण कूलरसमोर बसून सूर्याला दोष देतो. आपलं ऊन मूळचंच कडक, हे खरं. पण सगळ्या जगातला कोळसा आणि तेल जळून हवेत जो वायू साठला त्यानं ते आणखी तापतं आहे. पूर्वी पृथ्वी किती वेगानं तापायची आणि आता किती वेगानं तापते आहे, हे ताडून पाहायला त्या समुद्रातल्या कवचांचाच आधार लागतो.

दगडांबरोबर माणसांकडेही त्यांचं लक्ष होतं. गोंडी भाषा, चालीरीती, देव, गाणी त्यांनी लिहून घेतली. एका परधानानं सांगितलेली लिंगोची लांबलचक गाथा त्यात आहे. गाणं त्या परधानाचं, पुस्तकावर नाव साहेबांचं, ही रीत तेव्हाचीच. पण लिहिली गेली म्हणून ती उरली, हेही खरं. आणि योगायोग बघा, या जुन्या खडकांना आणि एके काळी जोडलेल्या त्या विशाल भूखंडाला पुढे जगभर जे नाव मिळालं, ते गोंडवन! आपल्या गोंडांचं नाव जगातल्या प्रत्येक भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात आहे. आपल्या शाळेतल्या गोंड मुलीला हे कुणी सांगितलंय का?

आता शेवट सांगायला हवा. सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांचा मुक्काम नागपूरच्या दक्षिणेला बोरीजवळ होता. टाकळघाटला प्राचीन काळातली दगडांची वर्तुळं आहेत, ती दाखवायला हिस्लॉप गेले होते. काम आटोपून बाकीचे पुढे निघाले. हिस्लॉप मागे थांबले, कारण तिथल्या शाळेतल्या मुलांची परीक्षा घ्यायची होती. परतताना रात्र झाली आणि वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता. छावणीत त्यांचा घोडा एकटाच परत आला. शोधायला माणसं धावली, तेव्हा त्यांचं प्रेतच हाती लागलं. तारीख ४ सप्टेंबर. चारच दिवसांनी त्यांना शेहेचाळीस वर्षं पूर्ण झाली असती.

पावसाळ्यात भरलेल्या नाल्यानं आपल्याकडे आजही माणसं नेली आहेत. म्हणून ही गोष्ट मला परक्या साहेबाची वाटली नाही. गोंडांविषयीचे त्यांचे कागद अर्धवट राहिले होते. टेंपल यांनी ते नीट लावून १८६६ मध्ये छापले. इरॅस्माचं पुढे काय वाटलं असेल, याचा विचार मात्र कुठल्याच भूगर्भशास्त्राच्या लेखात येत नाही.

त्यांच्या शिंपल्यांची गोष्ट त्यांच्याबरोबर संपली नाही. नागपूरच्या उत्तरेला छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली म्हणून गाव आहे. तिथल्या तशाच, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेराची कवचं मिळाली. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. डायनासोर नष्ट झाल्यानंतरच्या लगेचच्या काळातली ही कवचं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत! तेव्हा समुद्राचा एखादा चिंचोळा फाटा मध्य भारतापर्यंत आत आला असावा, असं त्या शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. हिस्लॉप यांनी जिथं गोडी तळी पाहिली, त्याच मुलखाच्या आसपास कधीतरी खारं पाणीही येऊन गेलं, हे दीडशे वर्षांनी त्याच जातीच्या बारीक पुराव्यानं सांगितलं.

आणि आता आपल्या अगदी दारातली गोष्ट. वरोरा तालुक्यात पिजदुरा गाव आहे. हिस्लॉप यांच्या काळापासून तिथल्या शेतांतली डायनासोरची हाडं अभ्यासकांना ठाऊक आहेत. हाडांबरोबर तिथं गोल, लांबट दगडही मिळतात. ती म्हणजे दगड झालेली डायनासोरची लीद! हसू नका. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लीद बारीक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गवताच्या पेशींमध्ये काचेसारखे अतिसूक्ष्म कण तयार होतात. धान कापताना, मळताना अंगाला खाज सुटते आणि विळ्याची धार जाते ना, त्याला हे कणही कारण. तेच कण त्या लिदीत होते. त्याआधी समजूत अशी होती की डायनासोर होते तेव्हा गवत जवळजवळ नव्हतंच. २००५ मध्ये ही समजूत पिजदुऱ्याच्या दगडांनी मोडली. २०११ मध्ये त्याच गटानं दाखवलं की त्यात धानाच्या कुळातल्या गवताचेही कण आहेत. म्हणजे आपल्या मूल-सिंदेवाहीच्या भाताचे दूरचे पूर्वज साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथंच डुलत होते. आणि हे शोधून काढणाऱ्यांत एक बाई पुढे होती, हे वाचून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी वरोऱ्याकडच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. ज्या घरी बसलो, तिथल्या ताईंनी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक जड, लांबट, गुळगुळीत दगड लावून ठेवला होता. निंदणाला गेल्या तेव्हा शेतात सापडला, म्हणाल्या. तेव्हा मी त्याकडे पाहिलंही नाही. हे सगळं वाचल्यावर मुद्दाम परत गेले. दगड तिथंच होता. तो काय आहे, हे मला काही सांगता येत नाही, ते जाणकाराचं काम. पण मी त्यांना हिस्लॉपसाहेबांची गोष्ट सांगितली. शेजारच्या चारजणीही येऊन बसल्या. निंदताना-नांगरताना अजून असे दगड वर येतात, कुणी बांधावर टाकतं, कुणी पोरांना खेळायला देतं, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं. एकदा जागा हलली की कुठल्या थरातला, हे कळायचा मार्ग बंद. आणि थर कळला नाही तर दगड मुका.

म्हणून मैत्रिणींनो, एवढंच करा. शेतात, खाणीच्या कडेला, नाल्यात काही वेगळं दिसलं, हाडासारखं, पानाच्या ठशासारखं, शिंपल्यासारखं, तर फोडू नका, विकू नका. जागा लक्षात ठेवा, मोबाईलवर फोटो काढा आणि शाळेतल्या गुरुजींना किंवा जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. आणि मुलगी खिशात दगड-शंख भरून घरी आली तर लगेच ओरडू नका. आधी एकदा हातात घेऊन बघा.

भाचीला मी आता उत्तर दिलंय. ती पुढच्या सुट्टीत येईल तेव्हा त्या ताईंच्या घरी तिला घेऊन जायचं ठरलंय. त्यांनी तो दगड दारातून उचलून घरात फळीवर ठेवला आहे, आणि दाराला आता विटेचा तुकडा लावला आहे.